बॉयलर उबदार राखणे

घर तापवणाऱ्या बॉयलरमधील पाणी, मागणी नसतानाही ठरावीक तापमानाखाली उतरू न देण्याची पद्धत. बॉयलरच्या पोटातच नळाचे पाणी तापवणारे वेटोळे असेल, तर ती टाळता येत नाही. अशा संचात नियंत्रकाची खालची मर्यादा साधारणपणे ६०° से., वरची ८०° से.च्या आसपास लावतात. नळाच्या गरम पाण्याची वेगळी टाकी असल्यास हे कारण उरत नाही.

गार बॉयलर पुन्हा तापवायला जास्त इंधन लागते, हा समज टिकणारा नाही. निवताना जेवढी उष्णता गेली तेवढीच भरून काढायची असते, आणि बॉयलर निवेल तसतसा ती जाण्याचा वेगही मंदावतो. ५० लिटर पाणी व १५० किग्रॅ. बीड (ओतीव लोखंड) २०° वरून ७०° से.ला न्यायला सुमारे ३·९ किलोवॉट-तास लागतात. तोच बॉयलर ७०° से.वर धरून ठेवला आणि कवच व धुराड्यावाटे ३०० वॉट जात असतील, तर दिवसाला ७·२ किलोवॉट-तास खर्ची पडतात. बॉयलर राहत्या भागात असेल तर हिवाळ्यात कवचातली उष्णता घरालाच मिळते. धुराड्यातली मिळत नाही.

खरा वाद धातूचा आहे. नैसर्गिक वायूच्या धुरातील बाष्प सुमारे ५५° से.खाली, तेलाच्या धुरातील सुमारे ४७° से.खाली द्रवते. तेलात गंधक असल्यास त्यातून सल्फ्युरिक अम्ल बनते. काजळीचा लगदा होतो आणि बिडाच्या खंडांमधल्या फटी गंजाच्या पापुद्र्यांनी बुजतात. म्हणून बॉयलर गार पडू देऊ नये, असे एक मत आहे. मात्र थोड्या पाण्याचा बॉयलर ही मर्यादा काही मिनिटांत ओलांडतो आणि आलेली ओल सुकून जाते. धोका असतो तो जुन्या जाड नळ्या व खोल्या तापवणारे मोठे रेडिएटर असलेल्या संचात. तिथे परतीचे पाणी बराच वेळ गार राहते आणि बॉयलर आधी गरम असला तरी पंप सुरू होताच निवतो. तापलेल्या बिडाला या गार पाण्याने तडा जाण्याची भीती वेगळीच. त्यावर परतीच्या पाण्यात गरम पाणी मिसळणारी तीनमार्गी मिश्रण झडप बसवणे, किंवा बॉयलर तापेपर्यंत पंप रोखून धरणे, हाच उपाय अधिक ग्राह्य वाटतो.

उबदार राखण्याच्या बाजूने भक्कम मुद्दा एकच : गळती. वर्षानुवर्षे गरम राहिलेली सांध्यातली रबरी कडी (गॅसकेट) कडक होते. बॉयलर निवून आकसला की सांध्यातून पाणी झिरपते. वेटोळ्याच्या झाकणाखाली तपकिरी ओघळ दिसतो आणि बॉयलर तापला की थांबतो. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळून पाहावे. गंजलेले बोल्ट तुटतात, तेव्हा जोर न लावता गॅसकेट बदलणे बरे.

धुरातील बाष्प मुद्दाम द्रवू देऊन त्याची उष्णता घेणाऱ्या संघनन बॉयलरमध्ये सगळे उलट असते. त्याचा स्टेनलेस पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा उष्णता-विनिमयक ओल सोसतो, आणि परतीचे पाणी ५५° से.खाली असेल तेव्हाच बाष्पातली उष्णता हाती लागते.

हंगामानंतर बंद करायचा बॉयलर आधी ब्रशने साफ करावा, कारण काजळी ओल धरते. पाणी मात्र काढू नये. गोठण्याची भीती नसेल तर तेच जुने, प्राणवायू उरला नसलेले पाणी आतल्या धातूला सर्वांत निरुपद्रवी असते.