बादलीला गोंद का धरत नाही?

प्लास्टिकच्या बादलीला तडा गेला की बहुतेक घरांत पहिला उपाय ठरलेला असतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून फेविक्विकची छोटी ट्यूब येते, तड्यावर रिकामी होते, दोन मिनिटं दाबून धरलं जातं आणि बादली पुन्हा नळाखाली जाते. ती अर्धी भरायच्या आत पाण्याची बारीक धार परत सुरू होते. मग गोंदाला नावं ठेवायची आणि बादली भंगारात टाकायची.

यात गोंदाचा दोष नसतो. खात्री करायची असेल तर तड्यावरचा वाळलेला पापुद्रा नखाने सोडवा आणि उजेडात धरून बघा. तो अखंड आणि कडक असतो, आणि त्याच्या खालच्या अंगाला बादलीवरचे ओरखडेसुद्धा उमटलेले दिसतात. म्हणजे गोंद तुटलेला नाही. त्याने बादलीला धरलंच नव्हतं.

जोड सुटला की तो नेमका कुठून सुटला हे आधी बघावं. दोन्ही तुकड्यांवर थोडा थोडा गोंद राहिला असेल, तर गोंदाचा थरच मधून फाटला. तो कच्चा राहिला किंवा त्या कामासाठी कमजोर होता. एका तुकड्यावरून तो साफ निघून आला असेल, तर अडचण त्या तुकड्याच्या पृष्ठभागाची आहे. आणि गोंद जागच्या जागी राहून शेजारची वस्तूच फुटली असेल, तर दुरुस्ती उत्तम झाली होती. घरात काही जोडायला बसलो की आपण गोंद कोणता आणायचा एवढाच विचार करतो. वस्तू कशाची आहे हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा, आणि बहुतेक फसलेल्या दुरुस्त्या तिथेच फसलेल्या असतात.

चिकटणं म्हणजे मुळात रेणूंनी रेणूंना ओढून धरणं. हे आकर्षण अगदी जवळून चालतं. अंतर नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतकं, असावं लागतं. फुटलेल्या बशीचे दोन तुकडे आपण कितीही नीट जुळवले तरी ते फक्त उंचवट्यांच्या टोकांवर एकमेकांना टेकतात, बाकी सगळी पोकळी. म्हणून मध्ये द्रव लागतो. तो खाचाखोचांत शिरतो, दोन्ही बाजूंच्या रेणूंशी लगट करतो आणि मग घट्ट होतो. पण त्यासाठी तो पृष्ठभागावर आधी पसरला पाहिजे.

हे पसरणं घरी बघता येतं. साबणाने स्वच्छ धुतलेल्या काचेवर पाण्याचा थेंब टाका, तो पसरट होतो. त्याच काचेवर तेलाचं बोट फिरवून दुसरा थेंब टाका, तो आक्रसून गोल बसतो. आता बादलीच्या बाहेरच्या बाजूवर टाका. बादली कितीही घासलेली असली तरी थेंब तसाच फुगीर राहतो. कारण बादली बहुधा पॉलिथिलीनची किंवा पॉलिप्रॉपिलीनची असते. या प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्यांत कार्बन आणि हायड्रोजन सोडून काही नसतं, त्यामुळे बाहेरच्या रेणूला पकडायला तिथे जागाच नसते. शास्त्रज्ञ याला पृष्ठीय ऊर्जा कमी आहे असं म्हणतात. पॉलिथिलीनची पृष्ठीय ऊर्जा मीटरला सुमारे ३१ मिलिन्यूटन, तर ज्यावर अन्न चिकटत नाही त्या टेफ्लॉनची २० च्या आतबाहेर. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे द्रवाची स्वतःला आवरून धरण्याची ओढ, त्याच मापात ७२ आणि इपॉक्सी गोंदाचा चाळिशीतला. ज्या द्रवाचा ताण पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा जास्त, तो पसरण्याऐवजी स्वतःलाच आवरून बसतो.

तेलकट काचेचा प्रयोग आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्या बोटांवर कायम थोडं तेल असतं. तुटलेली कड हाताने चाचपून लगेच गोंद लावला, तर गोंद त्या तेलाला चिकटतो, वस्तूला नाही. काचपेपरने कड हलकी घासणं, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसणं आणि त्यानंतर तिला हात न लावणं, ही पाच मिनिटांची तयारी महागड्या गोंदापेक्षा जास्त कामाची.

मग हातातलं प्लास्टिक कोणतं, हे ओळखायचं कसं? वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असला तर काम सोपं. २ आणि ४ म्हणजे पॉलिथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. आकडा नसेल तर तुटलेला टवका पाण्यात टाका. बोटाने बुडवून त्याच्या अंगचे बुडबुडे झटका आणि सोडा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, ते वर येतात. पीव्हीसी, पॉलिस्टायरीन आणि रिमोट, मिक्सर यांच्या कवचांत वापरतात ते एबीएस, हे सगळे तळाला जातात. ढोबळ नियम असा, की बुडतं ते चिकटतं आणि तरंगतं ते चिकटत नाही. अपवाद आहेत, कारण काही वस्तूंत प्लास्टिकमध्ये भुकटी मिसळलेली असते आणि त्यामुळे पॉलिप्रॉपिलीनही बुडतं. तरी घरच्या घरी इतकी सोपी आणि इतकी उपयोगी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

तरंगणारं प्लास्टिक गोंदाला दाद देत नाही, पण उष्णतेला देतं. बादलीचं प्लास्टिक तापवलं की वितळतं आणि थंड झालं की पुन्हा घट्ट होतं. पॉलिथिलीन १३० अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या थोडं पुढे. म्हणून बादली चिकटवायची नाही, सांधायची. आणि त्यात पहिलं काम ऐकायला विचित्र वाटेल असं आहे: तडा जिथे संपतो तिथे एक बारीक भोक पाडायचं.

फुटक्या बादलीला आणखी एक भोक कशासाठी? इंग्रज अभियंता चार्ल्स इंग्लिस याने १९१३ साली गणित करून दाखवलं, की ताणलेल्या पत्र्यातल्या भोकाच्या टोकाशी ताण एकवटतो, आणि टोक जितकं अणकुचीदार तितका तो जास्त. तड्याचं टोक फारच अणकुचीदार असतं. बादली भरली की भिंतीवर येणारा सगळा ताण त्या टोकाशी गोळा होतो आणि तडा आणखी पुढे सरकतो. वरून कितीही लिंपलं तरी तो आतून वाढत राहतो. टोकाला गोल भोक पाडलं की ती अणी जाते, ताण भोकाच्या कडेभर वाटला जातो आणि तडा तिथेच थांबतो. भोक तीनचार मिलिमीटरचं पुरतं. तड्याचं टोक नीट दिसत नसेल तर बादली उन्हासमोर धरून बघा, कारण भोक टोकाच्या अलीकडे पडलं तर त्याचा उपयोग नाही.

त्यानंतर सोल्डरिंग आयर्नचं, म्हणजे विजेच्या तारा डाख देऊन जोडायच्या हत्याराचं, गरम टोक तड्यावरून हळूहळू फिरवायचं. दोन्ही कडा वितळून एकमेकींत मिसळल्या पाहिजेत. जुन्या स्टीलच्या गाळणीतल्या जाळीचा तुकडा तड्यावर ठेवून तो गरम टोकाने दाबत प्लास्टिकमध्ये बुडवला तर जोड जास्त मजबूत होतो. वर भराव म्हणून त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी वितळवून घ्यायची, आणि भोकही तिनेच बुजवायचं. जात तीच हवी, कारण पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन दिसायला सारखे असले तरी वितळल्यावर एकमेकांत नीट मिसळत नाहीत. खिडक्या उघड्या ठेवा. पीव्हीसीवर मात्र हा प्रयोग कधीही करू नका. ते जास्त तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि तो घसा व फुफ्फुसं पोळतो. पीव्हीसीच्या पाइपांसाठी प्लंबर जे सॉल्व्हंट सिमेंट वापरतात ते उष्णतेशिवाय हेच काम करतं. ते दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवतं, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावक उडून गेल्यावर मागे एकसंध पीव्हीसी उरतं.

आता बुडणाऱ्या वस्तूंकडे वळू, कारण फेविक्विकच्या जातीचा गोंद तिथे खरोखर अप्रतिम काम करतो. त्याचं रासायनिक नाव सायनोअ‍ॅक्रिलेट. १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्याचे सहकारी बंदुकीच्या नेमसाधनासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हा पदार्थ जिथे तिथे चिकटत सुटला म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. १९५१ मध्ये कूव्हरच्या गटातल्या फ्रेड जॉयनरने त्याचा थेंब मोजमापाच्या उपकरणातल्या दोन लोलकांमध्ये घातला आणि ते लोलक कायमचे जुळले. तेव्हा कुठे लक्षात आलं की हा प्लास्टिक म्हणून नाही तर गोंद म्हणून मोलाचा आहे. १९५८ मध्ये तो बाजारात आला.

हा गोंद वाळत नाही. तो ओलाव्यामुळे घट्ट होतो. ट्यूबमध्ये थोडं आम्ल घालून त्याला शांत ठेवलेलं असतं. प्रत्येक वस्तूवर हवेतल्या बाष्पाचा अदृश्य थर असतो. तो लागताच रेणू एकमेकांचे हात धरून साखळ्या करू लागतात. बोटं इतक्या पटकन चिकटतात त्याचं कारण हेच, त्वचा ओलसर असते. थर पातळ असेल तर ओलावा आरपार पोचतो आणि काही सेकंदांत काम होतं. जाड थेंबाच्या आतपर्यंत तो पोचत नाही, म्हणून जास्त गोंद घातला की जोड कमजोर होतो. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली ट्यूब दगड होते तेही याचमुळे. ती हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवावी, आणि वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर थंड ट्यूबवर दव जमतं.

फट मोठी असेल, उदाहरणार्थ रिमोटच्या कवचात स्क्रूची खाच फुटली असेल, तर तिथे चिमूटभर खायचा सोडा भरा आणि वर गोंदाचा एक थेंब सोडा. सोडा अल्कधर्मी, त्यामुळे गोंद क्षणात गोठतो आणि कानसने घासता येईल इतका टणक भराव तयार होतो. हे होताना उष्णता आणि झोंबणारी वाफ निघते, तेव्हा तोंड लांब ठेवा. सुती कापडाच्या बाबतीत अधिक सावध राहायला हवं. सुताच्या असंख्य तंतूंवर हा गोंद एकदम गोठतो आणि कापड चटका बसेल इतकं तापतं. सांडलेला गोंद सुती फडक्याने पुसू नका. बोटं चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात धरा आणि हळूहळू सोडवा.

१९५९ साली टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात कूव्हरने धातूचे दोन दंडगोल एका थेंबाने जोडले आणि त्यांच्या आधाराने सूत्रसंचालकाला जमिनीवरून उचलून दाखवलं. मग असला गोंद चपलेचा तळ दोन दिवसही का धरत नाही? दंडगोलावर भार सगळ्या जोडावर एकदम आला. चपलेचा तळ पावलागणिक वाकतो आणि कडेपासून सोलला जातो, म्हणजे एका वेळी एका रेषेवरच सगळा जोर. कडक गोंद तिथे तडकतो. चपलेला रबरासारखा लवचिक गोंद लागतो, आणि तो लावायची पद्धत पंक्चर काढणाऱ्याकडून शिकावी. तो ट्यूब खरवडतो, सोल्यूशन लावतो आणि थांबतो. बोटाला ओलं लागेनासं झाल्यावरच ठिगळ दाबतो. त्या थांबण्यात द्रावक उडून जातं. घाई केली तर ते ठिगळाखाली अडकतं आणि जोड मऊ राहतो. चांभार तळ चिकटवून वर शिलाईही मारतात ते या सोलणाऱ्या जोराला अडवण्यासाठी, आणि ते अगदी बरोबर करतात.

लाकडाचं काम त्यामानाने सोपं. पूर्वी सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस उकळून वापरत. आता पांढरा गोंद असतो, म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे सूक्ष्म कण. पाणी लाकूड पितं, कण एकमेकांत मिसळतात आणि पांढरा रंग जातो. म्हणून तो सच्छिद्र वस्तूंनाच चालतो. खुर्चीचा पाय चिकटवला की सुतळीने आवळून रात्रभर सोडून द्या.

कपाचा कान तुटला तर हाताशी इपॉक्सी असावा, दोन ट्यूबांतून येणारा. भाजलेल्या मातीचा तुटलेला भाग खरखरीत आणि चिकटण्यास उत्सुक असतो, त्यामुळे जोड सुरेख बसतो. इथे नेहमीची चूक म्हणजे लवकर घट्ट व्हावा म्हणून हार्डनर, म्हणजे दुसऱ्या ट्यूबमधला गोंद घट्ट करणारा पदार्थ, जास्त घालणं. हार्डनर हा साखळीचाच भाग असतो. जास्तीचा हार्डनर जोडीदाराविना उरतो आणि गोंद कायमचा चिकट, मऊ राहतो. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण पाळा, रंग एकसारखा होईपर्यंत घोटा आणि थंडीत जोड उन्हात ठेवा. एम-सीलचंही तसंच: मळताना एकही वेगळ्या रंगाची रेघ दिसता कामा नये. नळाच्या गळतीवर लोक ते चालू पाण्यातच थापतात आणि मग ते सुटतं. पाणी बंद करून पाइप कोरडा करायला हवा.

पण त्या कपातून चहा पिऊ नका. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारे घरगुती इपॉक्सी बहुधा पन्नास-साठ अंशांना मऊ पडू लागतात, आणि उकळता चहा त्याच्या कितीतरी वर असतो. कान निसटला तर भाजणार. त्यात पेनं ठेवा. याच कारणाने कुकरच्या बाबतीत गोंदाचा विचारही करू नये. शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, रबरी रिंग हे भाग बदलायचेच असतात. कुकरची काळी मूठ बहुधा बेकेलाइटची, एकदा घट्ट झाल्यावर पुन्हा न वितळणाऱ्या प्लास्टिकची असते, म्हणून ती सांधताही येत नाही. नुसता स्क्रू ढिला झाला असेल तर पिळून घ्या. मूठ तडकली असेल तर भांड्यांच्या दुकानात ती सुटी मिळते, कुकरचं मॉडेल मात्र बरोबर सांगा.