महाबळेश्वरच्या पावसात हिरवळ : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

महाबळेश्वर परिसरातील बंगले आणि छोट्या हॉटेलांच्या आवारात आमच्याकडून हिरवळ लावून घेणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. आमचे बहुतेक ग्राहक पुण्या-मुंबईचे असतात आणि पहिला पाऊस झाला की लॉन लावून टाकू, असे ठरवूनच ते फोन करतात. देशावर हा हिशेब बरोबर ठरतो. येथे मात्र जून ते सप्टेंबर या काळात नवी हिरवळ लावण्याचे काम आम्ही घेत नाही, आणि त्याची कारणे कामाआधीच सांगितलेली बरी.

येथे वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच. जुलैमध्ये एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस होणे येथे नवलाचे नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, या हिशेबाने १,००० चौरस फुटांच्या हिरवळीवर त्या एका दिवसात सुमारे साडेअठरा हजार लिटर पाणी पडते. नुकत्याच अंथरलेल्या गवताने मूळ धरलेले नसते, त्यामुळे खालची माती वाहून जाते आणि गवताचे तुकडे सुटे होऊन उताराला जमा होतात. जे टिकते तेही धुक्यामुळे दिवसचे दिवस ऊन न मिळाल्याने पिवळे पडते. म्हणून लागवडीचा काळ ऑक्टोबर हाच. जमिनीत ओल असते, ऊन पडू लागलेले असते आणि पुढच्या पावसापर्यंत मुळांना आठ महिने मिळतात. फेब्रुवारी-मार्चमध्येही लावता येते, पण मग उन्हाळाभर पाण्याची सोय हवी. इतका पाऊस होऊनही एप्रिल-मेमध्ये येथे टँकर मागवावे लागतात, हे नव्या बंगलेमालकांना सहसा ठाऊक नसते.

हिरवळ येथे पावसाने मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरते. जांभा दगड सच्छिद्र असला तरी बांधकामाच्या वेळी आवारात मुरूम टाकून रोलर फिरवलेला असतो आणि त्यावर दोन-चार इंच तांबडी माती पसरून 'बाग तयार' असे सांगितले जाते. अशा जागी एक फूट खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा. चार तासांनीही पाणी फारसे उतरले नसेल, तर गवतावर खर्च करण्याआधी निचऱ्यावर करावा लागेल. आम्ही दबलेला थर फोडून घेतो, जमिनीला घरापासून दूर जाणारा, ५० फुटांना निदान एक फूट असा उतार देतो आणि कडेने दीड फूट खोल चर खणून त्यात छिद्रांचा पाइप व खडी भरतो. या कामाचा खर्च अनेकदा गवतापेक्षा अधिक होतो. तो वाचवू नये, असेच आमचे मत आहे.

छपराच्या कडेखालची पट्टी वेगळी सांगायला हवी. पन्हळ नसेल तर पागोळ्या जेथे पडतात तेथे पहिल्या पंधरवड्यातच बोटभर खोल सरळ रेघ पडते, माती उडून भिंतीवर तांबडे शिंतोडे येतात आणि गवताची पांढरी मुळे उघडी पडतात. तेथे कोणतेही गवत टिकत नाही. दोन फूट रुंदीचा खडीचा पट्टा ठेवणे हाच उपाय.

गवताची निवड उन्हावर ठरते. हरळीच्या जातीचे 'सिलेक्शन वन' दिसायला सुरेख, पण त्याला दिवसभर ऊन लागते. मोकळ्या माळावरच्या बंगल्यांनाच आम्ही ते सुचवतो. जांभूळ, हिरडा, अंजनीच्या सावलीत रुंद पानाचे कार्पेट ग्रास लावावे. ते थोडे राकट दिसते, परंतु सावली, ओल आणि आम्लधर्मी माती तिन्ही सोसते. ऊन यावे म्हणून झाडे तोडण्याचा विचार कोणी करू नये; हा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि परवानगीशिवाय वृक्षतोड करता येत नाही. पाचगणी येथून जेमतेम वीस किलोमीटरवर असली तरी तेथे पाऊस निम्म्याहून कमी असतो, तेव्हा तिथल्या शेजाऱ्यांची हिरवळ पाहून येथली निवड करू नये.

पावसाच्या पाण्याबरोबर मातीतील चुनखडी, मॅग्नेशियम आणि पालाश धुऊन जातात आणि माती वर्षागणिक आंबट होते. ऑक्टोबरमध्ये माती तपासून घ्यावी. सामू (पीएच) साडेपाचच्या खाली गेला असेल तर १०० चौरस फुटांना साधारण दोन किलो शेतीचा चुना पसरावा. चुना आणि युरिया किंवा ताजे शेणखत एकाच वेळी टाकू नये, कारण त्यातील नत्र हवेत उडून जाते. जूनमध्ये युरिया टाकणे म्हणजे तो ओढ्यात टाकणे होय.

शेवाळाबद्दल तक्रारी सर्वाधिक येतात. हिराकसाचे (फेरस सल्फेटचे) पाणी फवारल्यास शेवाळ काळे पडून मरते, मात्र फरशीवर व पायऱ्यांवर त्याचे तांबूस डाग पडतात. सावली, दबलेली माती आणि ओल कायम असेल तर पुढच्या पावसात शेवाळ पुन्हा येणारच, म्हणून पाऊस सरल्यावर काट्याने तीन-चार इंच खोल भोके पाडून त्यात जाडसर वाळू भरणे अधिक उपयोगी पडते.

मेअखेरीस शेवटची कापणी करताना गवत दोन इंच उंच ठेवावे. पावसाळ्यात उघडीप मिळाली तरच कापावे आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. ओल्या गवतावर मशीन फिरवल्यास चाकांच्या खाचा पडतात आणि पाते गवत कापण्याऐवजी फाडते. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या बाजूला पहाटे दवाचे हिमकण होतात. ते वितळेपर्यंत हिरवळीवर चालू नये. ऑगस्टनंतर गवत ठिकठिकाणी वाळून सतरंजीसारखे उचलले जाऊ लागले, तर खाली हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, आहे असे समजावे. हुमणीच्या मागे रानडुकरेही येतात आणि एका रात्रीत आवार उकरून टाकतात. गव्यांच्या खुरांचे खड्डे मात्र केवळ माती भरून बुजतात.

वार्षिक देखभालीच्या करारात जुलै-ऑगस्टच्या भेटी केवळ चर व पाइप मोकळे करण्यासाठी असतात. त्या भेटींत कापणी केली जात नाही, याची कृपया नोंद घ्यावी.