फोमची क्विल्टेड हँडबॅग

वर आवडीचं कापड, मधे फोम आणि खाली अस्तर असे तीन थर एकत्र धरून त्यावर टिपा मारायच्या आणि त्या जाड कापडातून बॅग शिवायची, ती क्विल्टेड हँडबॅग. थर एकत्र शिवणं आपल्याकडे गोधडीत, वाकळीत पिढ्यानपिढ्या चालत आलंय, पण गोधडी अंगावर मऊ पडायला हवी आणि बॅग टेबलावर ठेवली तरी उभी राहायला हवी, म्हणून जुन्या साड्यांच्या थरांच्या जागी इथे फोम येतो. फॅशनमधे अशा पर्सला मोठं नाव मिळालं ते शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या २.५५ या पर्समुळे (फेब्रुवारी १९५५ मधली म्हणून २.५५), छापील सुती कापडाच्या क्विल्टेड बॅगांसाठी अमेरिकेतली १९८२ साली सुरू झालेली व्हेरा ब्रॅडली कंपनी ओळखली जाते. आपल्याकडे खण, इरकल, पैठणीचे काठ वापरून घरोघरी सुंदर बॅगा शिवल्या जातात.

बॅगेचा फोम गादीच्या फोमसारखा उघडा नसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ जाळीदार कापड चिकटवलेलं असतं, जाडी साधारण ३ ते ६ मिमी. उघडा फोम मशीनच्या दातांना अडकतो, टिपेवर फाटतो, त्यामुळे तो घेऊच नये. बकरम (आत घालायचं कडक कापड) किंवा कॅनव्हासनेही कडकपणा येतो पण घडी पडली की ती दिसत राहते, फोम मात्र दाबला तरी परत फुगतो, आणि टिपांमधे जो छान उठाव दिसतो तो त्याच्यामुळेच.

सगळ्यात महत्त्वाचं, आधी क्विल्टिंग आणि मग कटिंग. टिपा मारताना कापड आत खेचलं जातं आणि तुकडा लहान होतो, म्हणून चारही बाजूंनी इंच-दीड इंच जास्त ठेवून टिपा मारायच्या आणि नंतरच पेपर पॅटर्न ठेवून मापात कापायचं. रेघा खडूने आखून घ्यायच्या, मधून सुरू करून कडेकडे जायचं, नाहीतर वरचं कापड सरकून चुण्या पडतात. सुई १६ नंबरची, टाका ३ ते ३.५ मिमी, वॉकिंग फूट (वरचं कापडही पुढे ओढणारा मशीनचा पाय) असेल तर वरचा आणि खालचा थर बरोबरीने पुढे सरकतो आणि काम फारच सोपं होतं.

नंतर शिवण. दोन बाजू जोडल्या की मार्जिनमधे (टिपेबाहेर उरणाऱ्या कडेत) फोमचे दोन थर येतात, चेनच्या टोकाशी किंवा पट्ट्यापाशी त्याहून जास्त, आणि तिथे घरगुती मशीन अडतं. टीप मारून झाली की मार्जिनमधला फोम टिपेच्या अगदी जवळून कापून टाकायचा, टीप मात्र कापायची नाही. हे केलं नाही तर कोपरे जाडे, बोजड दिसतात, कितीही भारी कापड असू दे. तळाला रुंदी हवी तर कोपऱ्यात बाजूची आणि तळाची शिवण एकावर एक आणून आडवी टीप मारतात, ४ इंच लांब टीप म्हणजे ४ इंच रुंद तळ. आतल्या कडा उरेप (तिरक्या कापलेल्या) पट्टीने झाकायच्या, नाहीतर वेगळं अस्तर लावून त्यात ठेवलेल्या फटीतून बॅग सुलटी करायची, आणि फट मोठीच ठेवावी कारण फोम कापडासारखा गोळा होत नाही.

इस्त्री मध्यम, वर सुती कापड ठेवून, जास्त गरम झाली तर फोम चपटा होतो. बॅग हाताने धुवायची, पिळायची नाही, सावलीत वाळवायची.