पानफुटीवरचे डाग

श्रावणात एका सकाळी समोरच्या काकू स्टीलच्या वाटीत तीन जाड पानं घेऊन आल्या. आमचा वाडा बडोद्याच्या दांडिया बाजारात. इथे प्रत्येक ओटल्यावर तुळस, कोरफड आणि पानफुटी असतेच. "अरे, बघ ना जरा. तीनदा फवारा मारला, तरी डाग काही जाईनात." पानांच्या मागच्या बाजूला मसुराएवढे तपकिरी, खरखरीत ठिपके होते. नर्सरीवाल्यानं 'फंगस आहे' म्हणून एक पुडी दिली होती. मी भिंग शोधत होतो, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "काकांना मुतखडा आहे ना, त्यांना रोज सकाळी ह्याचीच दोन पानं देते चावायला."

मी भिंग खाली ठेवलं. ज्या पानांवर बुरशीनाशक मारलं होतं, तीच पानं पोटात जात होती. आणि झाड खरंच पानफुटीचं आहे का, हे कुणीच पाहिलं नव्हतं.

ओळखीपासून सुरुवात करायची ती यासाठी. पानफुटी म्हणजे कलांचो पिनाटा, मूळची मादागास्करची. खालची पानं एकेकटी, कडेला बोथट कंगोरे, बहुधा लालसर किनार. झाड मोठं झालं की वरच्या देठावर तीन किंवा पाच पर्णिका येतात. थंडीत फुलं येतात, लोंबती, फुगलेल्या कागदी कंदिलासारखी. पान तोडून ओल्या मातीवर ठेवलं की कंगोऱ्यांच्या खाचांतून रोपं फुटतात. तिचं जुनं शास्त्रीय नाव ब्रायोफायलम. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ अंकुरणारं पान, म्हणजे आपली पानफुटीच. हिंदीतलं पत्थरचट्टा हे नाव मात्र इतर झाडांनाही चिकटलेलं आहे, त्यामुळे नावावर विसंबून चालत नाही.

तिच्या दोन बहिणी कुंड्यांमध्ये सर्रास दिसतात. एकीची पानं लांबट त्रिकोणी, आणि झाडावर असतानाच पानाच्या कडेला पिल्लांची रांग लागलेली. दुसरीची पानं पेन्सिलीसारखी नळकांडी, पिल्लं फक्त टोकाला. गंमत म्हणजे या दोघींच्या अंगावर जन्मजातच डाग असतात: पहिलीच्या पानामागे जांभळट पट्टे, दुसरीच्या नळ्यांवर गडद ठिपके. तो रोग नव्हे, झाडाचा स्वतःचा रंग आहे. कोरफडीच्या कोवळ्या रोपावरचे पांढरे ठिपकेही तसेच. झाड मोठं झालं की ते बहुधा नाहीसे होतात. जन्मखुणा ओळखायला सोप्या असतात. त्या सगळ्या पानांवर सारख्या येतात आणि बोट फिरवलं तर पृष्ठभाग गुळगुळीतच लागतो.

काकूंचं झाड पानफुटीच निघालं, पण तेवढ्यानं माझी काळजी मिटली नाही. पानफुटी आणि तिच्या बहिणींमध्ये बुफाडायनोलाइड नावाची रसायनं असतात. हृदयरोगावरच्या डिगॉक्सिन या औषधासारखीच ती पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतात. ऑस्ट्रेलियात कलांचो चरल्यामुळे गुरं दगावलेली आहेत. काकांना हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. मी काकूंना हात जोडून सांगितलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही पान देऊ नका, आणि फवारलेलं तर कुणालाच नको.

मग डाग. भिंगातून ते खपलीसारखे दिसले: कोरडे, किंचित उंचावलेले, बुचासारखे. भोवती पिवळं वलय नाही, आतून ओलसरपणा नाही. बुरशीचा डाग सहसा खोलगट असतो, कधी त्यात वर्तुळात वर्तुळं दिसतात आणि तो पसरत जातो. पसरतो की नाही हे पाहायला मी नेहमी एकच गोष्ट करतो. झाडावरच्या डागाभोवती मार्करनं रेघ ओढायची, शेजारी तारीख लिहायची आणि आठवडाभर झाडाला हात लावायचा नाही. डागानं रेघ ओलांडली तर कारण जिवंत आहे. काकूंच्या झाडावरचे चार डाग मी असे कोंडले. आठव्या दिवशी चारही रेघेच्या आतच होते.

हा रोग नव्हताच. झाडाला पाणी जास्त झालं होतं. पण पाणी जास्त झालं तर पान कुजायला हवं, त्यावर खपली कशी धरते? त्यासाठी दोनशे वर्षं मागे जावं लागतं. बेंजामिन हाइन हे वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करत होते. 1813 साली त्यांनी एका पत्रात लिहिलं की याच झाडाचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारी बेचव. कारण पुढे उलगडलं. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, उघडतात. पानफुटी पाणी वाचवण्यासाठी ती मुख्यतः रात्री उघडते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती मॅलिक आम्लाच्या रूपात, म्हणजे सफरचंदात असतं त्याच आम्लात, साठवते. दिवसा रंध्रं मिटून ते आम्ल वापरते आणि साखर बनवते.

रखरखीत उन्हाळ्यात ही युक्ती फार कामाची. पण बडोद्यातली श्रावणातली रात्र आठवा. दोरीवरचे कपडे सकाळीही दमट. पानफुटी रंध्रं उघडते तेव्हा बाहेरची हवा आधीच पाण्यानं भरलेली असते, त्यामुळे पानातली वाफ बाहेर जात नाही. खाली माती कोमट आणि चिंब. मुळं पाणी वर ढकलतच राहतात. पेशी फुगतात, पानाच्या मागे बारीक फोड येतात, फोड फुटतात आणि झाड त्या जखमेवर बूच चढवतं. तीच ती तपकिरी खपली. तिच्यावर कुठलंही औषध चालत नाही, कारण मारायला तिथे कुणीच नसतं.

सगळे डाग इतके निरुपद्रवी नसतात. थंडीत येणारी भुरी नावाची बुरशी पानफुटीवर चांगलीच फसवते. पांढरी पूड जेमतेम दिसते आणि डाग तपकिरी, खपलीसारखेच पडतात. अशा वेळी मार्करची रेघ फार उपयोगी पडते. सावलीतली कुंडी एकदम एप्रिलच्या गच्चीवर नेली, तर उन्हाकडच्याच बाजूला फिकट, सपाट चट्टे येतात. देठाच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं आणि मुंग्यांची ये-जा असली, तर ती पिठ्या ढेकूण नावाची कीड. आणि पान मऊ, पाणचट, काळपट झालं तर वाट पाहू नका. वरचा निरोगी शेंडा कापा, दोन-चार दिवस सावलीत सुकू द्या आणि कोरड्या, भुसभुशीत मातीत लावा.

काकूंची कुंडी आम्ही पागोळीखालून काढली. तळाचं भोक मातीनं बुजलं होतं, ते काडीनं मोकळं केलं आणि वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालायचं नाही असं ठरवलं. जुन्या पानांवरच्या खपल्या तशाच आहेत, त्या जाणार नाहीत. वाटीतलं एक डागाळलेलं पान मी ओलसर वाळूवर ठेवलं होतं. दहाव्या दिवशी त्याच्या खाचांतून केसासारखी पांढरी मुळं निघाली, मग तांदळाएवढी पानांची जोडी. सात रोपं झाली, सातही स्वच्छ. त्यातली दोन काकू घेऊन गेल्या.