मनोरुग्णांमधील चयापचय विकार

तीव्र व दीर्घकालीन मनोविकारांत वाढलेला कंबरेचा घेर, रक्तशर्करा व रक्तदाब आणि रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण ही लक्षणे पुष्कळदा एकत्र आढळतात; या समूहालाच चयापचय विकार म्हणतात. छिन्नमानस (स्किझोफ्रेनिया) आणि द्विध्रुवी विकार (उन्माद व नैराश्य आलटून-पालटून येणारा) यांत हे विशेष दिसते. २०१३ मधील एका एकत्रित विश्लेषणानुसार छिन्नमानसाच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत हा लक्षणसमूह होता.

याचे मूळ आजारात की औषधात, हा वाद जुना आहे. वेडाचा वारसा असलेल्या कुटुंबांत मधुमेहही वारंवार दिसतो, असे इंग्लिश मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉड्सली यांनी १८७९ मध्येच, म्हणजे आजच्या औषधांच्या कितीतरी आधी नोंदवले होते. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात ज्याँ दले व पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारांवर वापरात आणले. पुढे ‘फिनोथायझिन मधुमेह’ (फिनोथायझिन हा क्लोरप्रोमाझिनचा औषधगट) ही संज्ञाच साधारणपणे १९६० च्या दशकात रूढ झाली आणि संशयाची सुई औषधांकडे वळली. नंतरच्या औषधांपैकी क्लोझापिन व ओलान्झापिन यांनी वजन सर्वाधिक वाढते, ॲरिपिप्राझोलने त्या मानाने कमी. हिस्टामिन व सेरोटोनिन या मेंदूतील रासायनिक संदेशवाहकांच्या अनुक्रमे एच-१ व २-सी ग्राहींचा (पेशींवरील संदेश घेणाऱ्या जागांचा) अवरोध झाल्याने भूक वाढते, हे त्याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण होय. मात्र औषध सुरूच न झालेल्या नव्या रुग्णांतही शर्करेचे नियमन काहीसे बिघडलेले आढळते. त्यामुळे जमीन आजाराची आणि खतपाणी औषधांचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तंबाखू, बैठी दिनचर्या व गरिबी यांचाही त्यात वाटा असतो.

अमेरिकेतील मधुमेहतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ मध्ये तपासण्यांचे वेळापत्रक ठरवले : वजन सुरुवातीला व चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात, उपाशीपोटीची शर्करा सुरुवातीला, बाराव्या आठवड्यात व पुढे दरवर्षी. दक्षिण आशियाई पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. ही कंबरेच्या घेराची मर्यादा मानतात.

वेळापत्रक आले, तरी अमेरिकेतही तपासण्या अपेक्षेइतक्या वाढल्या नाहीत. मनोविकारतज्ज्ञ हे काम फिजिशियनचे समजतात, तर फिजिशियनला रुग्ण ‘मानसिक’ वाटतो. वॉर्डात प्रश्न आणखी साधा असतो. रक्त घ्यायच्या आधीच सकाळचा चहा-बिस्कीट वाटून झाला, तर उपाशीपोटीची तपासणी नावापुरतीच उरते. मापनपट्टी कुठे धरायची हेही शिकवावे लागते. ती पँटच्या पट्ट्यावर नव्हे, तर शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर धरतात. छिन्नमानसात काही रुग्ण अकारण खूप पाणी पितात, हे कर्मचाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असते. म्हणूनच सारखा नळाकडे जाणारा रुग्ण ‘सवयीचा’ ठरतो आणि तहान मधुमेहाची असली तरी ग्लुकोमीटर बाहेर निघत नाही.

भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मनोरुग्णांना उपचारांत शारीरिक रुग्णांच्या बरोबरीचा हक्क दिला आहे. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे राहिलेल्या रुग्णाचे कपडे घट्ट झाल्याचे पहिल्यांदा लक्षात येते ते बहुधा परिचारिकेच्या किंवा कक्षसेवकाच्या.