अधिवृक्क बाह्यकाचा कर्करोग

मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क अर्थात ॲड्रिनल ग्रंथींच्या बाहेरील थरात, म्हणजे बाह्यकात, होणारा दुर्मिळ आणि आक्रमक कर्करोग. दर 10 लाख लोकांमागे वर्षाला साधारण एक-दोघांना तो होतो. पाच वर्षांखालील मुले आणि चाळिशी-पन्नाशीतील प्रौढ यांच्यात तो अधिक दिसतो.

बाह्यकात कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन आणि पुरुषी संप्रेरके तयार होतात. निम्म्याहून अधिक गाठींतून त्यांपैकी काहींचा अतिरेकी स्राव होतो, आणि आजाराचा माग लागतो तो त्यावरूनच. चेहरा गोल होणे, पोटावर जांभळे पट्टे उमटणे, दंड-मांड्या रोडावणे, रक्तदाब व साखर एकाएकी चढणे ही कॉर्टिसॉल वाढल्याची चिन्हे. स्त्रीला दाढी-मिशा आल्या, पाळी थांबली, की बऱ्याचदा पीसीओडी म्हणून औषधे सुरू होतात. पीसीओडीची लक्षणे मात्र वर्षानुवर्षे सावकाश वाढतात. हेच बदल काही महिन्यांत झाले, आवाजही घोगरा झाला, तर टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईए-एस (अधिवृक्कातून स्रवणारे पुरुषी संप्रेरक) तपासायलाच हवे.

दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये अधिवृक्काची गाठ दिसणे ही सामान्य बाब आहे, आणि अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. कॉन्ट्रास्टविना काढलेल्या स्कॅनमध्ये एकसंध गाठीची घनता 10 हाउन्सफील्ड एककांपर्यंत (स्कॅनमधील घनता मोजण्याचे एकक) असेल तर काळजीचे कारण नसते. चार सेंटिमीटरहून मोठी, ओबडधोबड, दाट गाठ मात्र संशयास्पद. इथे सुई घालून तुकडा काढण्याची घाई करू नये. त्या तुकड्यावरून साधी गाठ आणि कर्करोग यांतला फरक सहसा ठरत नाही, उलट पेशी बाहेर सांडण्याचा धोका असतो. शिवाय गाठ फिओक्रोमोसायटोमाची, म्हणजे अधिवृक्काच्या आतल्या भागातील ॲड्रिनलिनसारखी संप्रेरके स्रवणारी, निघाली तर सुईच्या स्पर्शानेही रक्तदाब जीवघेणा भडकू शकतो. म्हणून अशी गाठ ओळखणारी मेटानेफ्रिन चाचणी आधी.

पूर्ण बरे होण्याची खरी संधी पहिल्याच शस्त्रक्रियेत असते. गाठ आवरण न फाटता अखंड निघाली पाहिजे. त्यामुळे पोट उघडून करायची शस्त्रक्रियाच बहुधा पसंत केली जाते, आणि ती या कामाचा सराव असलेल्या केंद्रातच व्हावी. काढलेल्या गाठीचे निदान वाइस गुणांकनाने होते: सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या नऊ निकषांपैकी तीन किंवा अधिक जुळले तर कर्करोग. तो परतण्याची शक्यता केआय-67 या, किती पेशी विभाजित होत आहेत हे दाखवणाऱ्या, निर्देशांकावरून जोखतात.

मायटोटेन हे यावरील खास औषध डीडीटी या कीटकनाशकाच्या कुळातले. 1949 मध्ये अशा एका रसायनाने कुत्र्यांचे अधिवृक्क बाह्यक झिजल्याचे दिसले आणि त्यातून पुढे हे औषध आले. रक्तातील पातळी लिटरमागे 14 ते 20 मिलिग्रॅम राखावी लागते; खाली परिणाम कमी, वर मेंदूवर दुष्परिणाम. निरोगी बाह्यकही त्याने निकामी होत असल्याने कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारे हायड्रोकॉर्टिसोन रोज, नेहमीपेक्षा जास्त मात्रेत घ्यावे लागते. उलट्या होऊन हायड्रोकॉर्टिसोनची गोळी पोटात टिकली नाही तर इंजेक्शनसाठी लगेच रुग्णालय गाठावे, हे घरच्यांनाही ठाऊक हवे. आजार पसरला असल्यास इटोपोसाइड, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन ही केमोथेरपीची औषधे आणि मायटोटेन एकत्र देतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 304 रुग्णांच्या चाचणीत या उपचाराने आजाराची वाढ अधिक काळ रोखली. एकूण आयुर्मानात मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही.

मुलांमध्ये या कर्करोगामागे अनेकदा टीपी53 या, कर्करोगाला आळा घालणाऱ्या, जनुकातील आनुवंशिक बिघाड असतो. दक्षिण ब्राझीलमध्ये या जनुकाचा एक विशिष्ट बदल हजारात सुमारे तिघांमध्ये आढळतो, आणि तिथे मुलांतील प्रमाण जगाच्या तुलनेत कितीतरी पट जास्त आहे. पराना राज्यात नवजात बालकांची जनुकीय तपासणी करून, बदल असलेल्या मुलांवर लक्ष ठेवले गेले. त्यांच्यातील गाठी लहान असतानाच सापडल्या.