फॉन्ट बदलणं वेगळं, लिपी बदलणं वेगळं

ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी हौसेनं छोटी वेब-टूल्स बनवणाऱ्या मराठी माणसाकडे एक मागणी हमखास येते: "रोमन अक्षरं टाकली की देवनागरी मिळेल अशी चौकट दे." ही मागणी करणारी माणसं मात्र दोन प्रकारची असतात. एकाकडे जुन्या दिवाळी अंकासाठी कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेली कथा असते. ती ब्लॉगवर चिकटवली की रोमन अक्षरांचा गोंधळ उमटतो. दुसरा फोनवर रोमन अक्षरांत मराठी लिहितो आणि त्याला ते देवनागरीत हवं असतं. पहिल्याला फॉन्ट कन्व्हर्टर हवा आहे, दुसऱ्याला लिप्यंतर. एकाच चौकटीत दोन्ही बसवायचा मोह होतो, पण तसं केलं की दोन्ही कामं बिघडतात.

आधी कन्व्हर्टर. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीचे. त्यांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेवमध्ये 'मराठी' साठवलं जातं ते ई, जे, के, मोठा बी, एच असं. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. फॉन्ट काढून घेतला की उरतात ती नुसती रोमन अक्षरं. माहिती सगळी शाबूत असते, फक्त चुकीच्या नावाखाली ठेवलेली असते. म्हणून इथे अंदाज लागत नाही, तक्ता लागतो. जुन्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त 256 जागा. त्या सगळ्या एका पानावर त्याच फॉन्टमध्ये छापून समोर ठेवल्या की तक्ता हातानंही पुरा करता येतो.

खरी गंमत क्रमात आहे. हे फॉन्ट टंकलेखन यंत्रासारखं, डोळ्याला दिसेल त्या क्रमानं लिहितात. 'स्थिती'मधली पहिली वेलांटी आधी येते, मग अर्धा स, मग थ. युनिकोडला ती पूर्ण जोडाक्षरानंतर हवी, म्हणजे तिला एकटा स ओलांडून भागत नाही, थसुद्धा ओलांडावा लागतो. रफाराचं उलट. 'शर्मा'मध्ये कृतिदेव रफार अगदी शेवटी, कान्याच्याही नंतर ठेवतो, तर युनिकोडमध्ये र आणि हलन्त (पाय मोडणारं चिन्ह) म-च्या आधी येतात. म्हणजे रफार काना ओलांडून, व्यंजन ओलांडून मागे न्यायचा. बदल करतानाही लांब जोड्या आधी घ्याव्या लागतात: कृतिदेवमध्ये मोठा एच म्हणजे अर्धा भ आणि त्यापुढे के आला तर पूर्ण भ. एकट्या अक्षराची बदली आधी केली तर प्रत्येक भ-ला फुकटचा काना चिकटतो.

तक्ता ज्या फॉन्टचा, त्याच फॉन्टला चालतो. नुसता मजकूर पाहून फॉन्ट ओळखणं कठीण, म्हणून निवड लिहिणाऱ्याला करू द्यावी. लेखात मधेच इंग्रजी शब्द असले तर तेही देवनागरी होऊन बसतात. त्यावर एक चांगला उपाय आहे. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुराबरोबर फॉन्टचं नावही ब्राउझरपर्यंत येतं. ते वाचलं तर इंग्रजी तुकडे तसेच ठेवता येतात. हे सगळं साध्या जावास्क्रिप्टमध्ये, ब्राउझरच्या आतच होतं. सर्व्हर नको, आणि कोणाचं अप्रकाशित लेखन कुठे पाठवायलाही नको. हौशी माणसानं सुरुवात इथूनच करावी असं मला मनापासून वाटतं. कारण जुन्या फॉन्टच्या फायलींत अडकलेलं मराठी लेखन शोधयंत्रांना दिसतच नाही.

लिप्यंतराचा प्रश्न याच्या अगदी उलट. इथे माहिती लिहितानाच हरवलेली असते. के-ए-एल म्हणजे कल, कळ, काल की काळ? एम-ए-एल-ए म्हणजे मला, मळा की माला? कितीही नेटका तक्ता केला तरी उत्तर त्यात सापडणार नाही. मग दोनच वाटा. एक, लिहिणाऱ्यानं काटेकोर नियम पाळायचे: आयट्रान्स या रोमन लेखनपद्धतीत छोटा टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट, मोठा एल म्हणजे ळ. मराठी संकेतस्थळांवर वर्षानुवर्षं वापरलेलं 'गमभन' हे टंकनाचं साधन अशाच नेमक्या कळांच्या वाटेनं जाणारं. ही वाट एकट्यानं बांधता येते. दुसरी वाट म्हणजे शब्दसंग्रह, शब्दांची वारंवारता आणि पर्याय सुचवणं, जसं फोनवरचा गूगलचा कीबोर्ड जीबोर्ड करतो. त्यासाठी भरपूर मराठी मजकूर लागतो, आणि तरीही शेवटची निवड माणसाच्या बोटाकडेच राहते.

तपासणीही म्हणूनच वेगळी. कन्व्हर्टर तपासताना जुन्या फॉन्टमधलं छापील पान शेजारी ठेवा. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी तो दोष आहे आणि तो सुधारता येतो. लिप्यंतरात 'काल'च्या जागी 'काळ' आला तर कधी दोष असतो, कधी लिहिणाऱ्याचा हेतूच तो असतो.

दोन्हींना सामायिक असं एकच काम आहे, शेवटची साफसफाई. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत फरक आहे, आणि 'दऱ्या'तला चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला सारखेच, पण शोधताना वेगळे शब्द ठरू शकतात. पहिली रीत कायम ठेवावी. तसंच ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली, 5.1 आवृत्तीत आलं. त्याआधीच्या मजकुरात अ-वर वेगळा चंद्र जोडलेला सापडतो. हे दोन बदल एका छोट्या वेगळ्या फाइलमध्ये लिहावेत आणि ती फाइल दोन्ही टूल्सना जोडावी.